आई-वडील सत्तरीच्या पुढे, मुलं लहान: केनियाची सफारी जमेल का?

तुम्ही विचारलंय की आई ७१ वर्षांची, गुडघे दुखरे. वडील ७७, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू. सोबत ८ आणि १३ वर्षांची मुलं. एवढ्या सगळ्यांना घेऊन केनियात प्राणी बघायला जावं, की हा हट्ट सोडून द्यावा?

जा. आम्ही गेलो तेव्हा आई ७३ वर्षांची होती, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बाबा ७९. शिवाय मी, नवरा, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. सहा जण, नऊ रात्री. आई-बाबा आजही त्या नऊ रात्रींबद्दल बोलतात. पण पहिला जो कार्यक्रम हातात आला होता तोच घेऊन निघालो असतो, तर बाबा तिसऱ्या दिवशी परत चला म्हणाले असते याची मला खात्री आहे.

तो कार्यक्रम एका टूर कंपनीने पाठवला होता. आठ दिवसांत अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, सांबुरू आणि मसाई मारा. मी नकाशा उघडून रोजचे तास मांडले. पाच दिवस असे निघाले की मुक्काम बदलण्यासाठीच चार ते सहा तास गाडीत; प्राणी बघायला फिरायचं ते वेगळं. रोज बॅगा भरा, रोज नवा पलंग, रात्री जाग आली की बाथरूम कुठल्या बाजूला ते अंधारात आठवा. तरुण माणसाला यात काही वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाचा अर्धा दिवस त्या ओळख करून घेण्यातच जातो. मी तीन ठिकाणं सरळ खोडली. नैरोबीत दोन रात्री, अंबोसेलीत तीन, मारात चार. तुम्हालाही माझं पहिलं सांगणं हेच की माणसं कमी करू नका, ठिकाणं कमी करा.

नैरोबीतल्या दोन रात्री वाया गेल्या असं समजू नका. मुंबईहून थेट विमान सहा तासांचं असलं आणि घड्याळात अडीच तासांचाच फरक असला, तरी शहर सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच. पहिल्या दिवशी हॉटेलचा एक जिना चढताना बाबांना धाप लागली. दुसऱ्या दिवशी हत्तींची अनाथ पिल्लं बघायला शेल्ड्रिकच्या केंद्रात गेलो. तिथे ११ ते १२ असा एकच तास असतो आणि बुकिंग आधी करावं लागतं. आईसाठी फोल्डिंगचं स्टूल नेलं होतं, ती निवांत बसून बघत होती. तेवढा एकच कार्यक्रम, बाकी दिवस आराम.

आता ज्या गोष्टीबद्दल कुठलंही माहितीपत्रक नीट बोलत नाही, ती सांगते. अंबोसेलीतल्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना चक्कर आली. कॅम्पवर आणून आडवं केलं, रक्तदाब मोजला तर खूपच कमी. आधी मला वाटलं ऊन लागलं. मग हळूहळू कळलं की बाबा दोन दिवस पाणीच पीत नव्हते. गाडीत लघवी लागली तर काय करायचं, लेक-जावई-नातवंडांसमोर गाडी थांबवायला कसं सांगायचं, या संकोचाने सकाळचा चहासुद्धा अर्धा सोडत होते. त्यात रक्तदाबाची लघवी होणारी गोळी सकाळी नेहमीप्रमाणे घेतलेली. ओआरएस पाजलं, ठाण्याला आमच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली. संध्याकाळपर्यंत बाबा बरे होते, पण माझे हातपाय गार पडले होते.

त्यामुळे निघण्यापूर्वी घरात या विषयावर उघड बोला. वडिलांशी तुमच्याऐवजी जावयाने किंवा मुलाने बोलणं त्यांना सोपं जात असेल तर तसं करा. डॉक्टरांना विचारा की फिरण्याच्या दिवसांत गोळ्यांच्या वेळा बदलायच्या का. स्वतःहून बदलू नका. गाईडला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की दर दीड तासाने थांबायचं आहे. त्यांना यात काही नवल नसतं. मोकळी जागा बघून, आजूबाजूच्या झुडपांत काही नाही याची खात्री करून ते गाडी उभी करतात, आणि गाडीच्या मागच्या बाजूला जायचं असतं. त्यापलीकडे एक पाऊलही टाकायचं नाही. पुरुषांसाठी औषधाच्या दुकानात मिळणारा युरिन पॉट सोबत ठेवा. आईसाठी मी वेगळा मार्ग काढला: तिच्या फेऱ्या अडीच तासांच्या वर जाऊच द्यायच्या नाहीत.

हे जमतं ते गाडी फक्त तुमची असेल तरच. अनोळखी लोकांबरोबर बसलात की कुणाला चित्ता अजून तासभर बघायचा असतो आणि आपल्या आईला परत जायचं असतं. पैसे कुठे वाचवायचे असतील तर तंबूच्या थाटात वाचवा, गाडीत वाचवू नका. केनियात वर छत उघडणारी लँड क्रूझर मागा, सहा माणसांना ती बरोबर पुरते. मुलं उभी राहून बघतात, मोठ्यांना बसल्या जागी खिडकीतून दिसतं. दणके सगळ्यात जास्त मागच्या चाकांवरच्या सीटला बसतात, म्हणून तिथे मुलं. बाबा ड्रायव्हरशेजारी, आई मधल्या रांगेत, कमरेमागे छोटी उशी. गाडीची पायरी गुडघ्याच्या वर येते, त्यामुळे चढायला प्लॅस्टिकचं मजबूत स्टूल हवंच. हे बुकिंग करतानाच लेखी कळवा. अंबोसेलीची धूळ फार बारीक असते. कुणाला दम्याचा त्रास असेल तर मास्क आणि पंप हाताशी ठेवा.

अंबोसेलीला आम्ही रस्त्याने गेलो, साधारण साडेचार तास. तिथून माराला मात्र छोट्या विमानाने, नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून. रस्त्याने एक अख्खा दिवस गेला असता. विल्सनहून माराची धावपट्टी पाऊण तासावर. दोन गोष्टी आधी माहीत हव्यात: सामान माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत, आणि या विमानांत शौचालय नसतं. चढायला चार-पाच अरुंद पायऱ्या असतात, आई बाबांचा खांदा धरून चढली. मारात कॅम्पचीच एक गाडी आम्ही पूर्ण आमच्यासाठी घेतली.

मारामध्ये मुख्य अभयारण्याऐवजी शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत राहिलो. म्हणजे तिथल्या मसाई जमातीच्या कुटुंबांच्या जमिनी, ज्या कॅम्पवाले भाड्याने घेतात. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ ही त्यांतली काही. एका प्राण्याभोवती किती गाड्या उभ्या राहतील यावर तिथे बंधन असतं, आणि कॅम्पपासून थोड्याच अंतरावर प्राणी दिसतात. अडीच तासांच्या फेरीत आईने सिंहीण आणि तिची तीन पिल्लं बघितली, आणि नाश्त्याला परत आली.

कॅम्प निवडताना फोटो बघून भुलू नका, ईमेलवर प्रश्न विचारा. तंबूपासून जेवणाच्या जागेपर्यंत किती पावलं, मध्ये किती पायऱ्या? कमोडशेजारी धरायला काही आहे का? रात्रभर वीज असते का? (बरेच कॅम्प सौरऊर्जेवर किंवा जनरेटरवर चालतात. वडील झोपताना सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास नीट चालावा म्हणून लावायचं यंत्र, लावत असतील तर हा प्रश्न पहिला.) लहान मुलांना किती वयापासून घेतात? चालत जायच्या सफारीला तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला नेणार नाहीत हे गृहीत धरा. पुष्कळ कॅम्पना कुंपण नसतं, त्यामुळे अंधार पडला की तंबूतून एकट्याने बाहेर पडायचं नाही. टॉर्च दाखवली की रखवालदार येतो आणि सोबत करतो. आमचा मसाई रखवालदार आईला रोज हाताला धरून न्यायचा आणि 'पोले पोले' म्हणायचा, म्हणजे सावकाश. आईने त्याच्याकडून आणखी शब्द गोळा केले. चहाला चाय, गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा. समुद्रापलीकडे गेलेले आपले शब्द तिकडे घरचे होऊन बसलेत याचा तिला केवढा आनंद झाला.

दिवसातून दोन फेऱ्या असतात, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास. सगळ्यांनी दोन्हीकडे जायलाच हवं असा नियम घरात करू नका. पहाटे गारठा असतो, स्वेटर आणि कानटोपी लागते. आई बहुतेक पहाटा झोपून काढायची आणि संध्याकाळी यायची. नवऱ्याने आणि मी पाळी लावली होती, एक जण कायम तिच्यासोबत. एका सकाळी तंबूच्या व्हरांड्यात बसून तिने स्वेटर विणता विणता जिराफांचा अख्खा कळप समोरून जाताना बघितला. आम्ही तेव्हा गाडीत धूळ खात बिबट्या शोधत होतो, आणि तो मिळाला नाही.

अंबोसेलीतली एक संध्याकाळ मात्र सहाही जणांची होती. किलिमांजारो पर्वतावर मुरलेलं पाणी जमिनीखालून जिथे वर येतं त्या दलदलीकडून हत्तींचा कळप परतत होता. पुढे एक म्हातारी हत्तीण, कानांच्या कडा फाटलेल्या, चालणं संथ. ती थांबली की सगळा कळप थांबे. गाईडने सांगितलं की इथल्या हत्तींचा अभ्यास सिंथिया मॉस यांनी १९७२ साली सुरू केला आणि तो अजून चालू आहे. एकेका कुटुंबाची पिढ्यान् पिढ्यांची नोंद आहे. साठीच्या पुढच्या हत्तिणी सिंहाची डरकाळी सिंहिणीच्या डरकाळीपासून जास्त चांगली ओळखतात आणि कळपाला वेळेत जवळ घेतात, हे याच अंबोसेलीतल्या प्रयोगात दिसलं. दुष्काळात पाणी कुठे होतं तेही अशा जुन्या हत्तिणींना आठवतं. माझा मुलगा एकदम आजीकडे वळला आणि म्हणाला, "आजी, तू पुढे बस." आईचे डोळे भरून आले. बाबांनी काही न बोलता आपली पुढची सीट तिला दिली, आणि त्या दिवसापासून संध्याकाळच्या फेरीत ती सीट तिचीच झाली.

कधी जायचं? आपली मे महिन्याची सुट्टी डोक्यातून काढा. मार्च ते मे तिथला मोठा पावसाळा, चिखलात गाड्या रुततात. आम्ही फेब्रुवारीत गेलो, मुलांची दहा दिवस शाळा बुडवली. हवा कोरडी आणि पहाटे किलिमांजारो स्वच्छ. जुलै ते ऑक्टोबर मारात वाइल्डबीस्टचं स्थलांतर असतं, पण नदी ओलांडताना बघायचं म्हणजे उन्हात तासन् तास गाडीत वाट बघणं, भोवती गाड्यांची गर्दी. तुमच्या आईवडिलांसाठी मी ते सुचवणार नाही. खर्चाचाही फरक आहे: २०२४ पासून मारा अभयारण्याचं शुल्क परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. जेवणाची काळजी करू नका, केनियात गुजराती समाज इतका जुना आहे की शाकाहारी म्हटलं की स्वयंपाक्याला लगेच कळतं. मेतकूट आणि लोणचं मात्र न्या, आजारपणात उपयोगी पडतं. फुग्यातली सफारी आईसाठी नको. टोपलीत चढावं लागतं आणि उतरताना दणका बसतो.

विमा घेताना आधीपासूनच्या आजारांना संरक्षण आहे ना, हे पॉलिसीच्या कागदात स्वतः वाचा. शिवाय कॅम्पला विचारा की अ‍ॅम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं विमानाने दवाखान्यात नेण्याचं कवच दरात धरलं आहे का. नसेल तर वेगळं घ्या. औषधं दुप्पट दिवसांची, सगळी केबिन बॅगेत, आणि चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं. दोन्ही विमानतळांवर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, आई चालती-फिरती असली तरी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, म्हणून गोळ्या-फराळ कापडी पिशव्यांत.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम. केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो, नाहीतर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो. पण साठीच्या पुढे पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती दबवणारी औषधं चालू असतील तर ती देतच नाहीत. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्याही आधीच्या औषधांशी जुळतात का ते बघावं लागतं. आमच्या डॉक्टरांनी बाबांचे सगळे रिपोर्ट बघून मगच हो म्हटलं.

तुमच्या वडिलांना नाही म्हणाले, तर बेत मोडू नका, देश बदला. दक्षिण आफ्रिकेतल्या मादिक्वे आणि पिलानेसबर्गमध्ये मलेरिया नाही, आणि आखाती देशांमार्गे गेलात तर पिवळ्या तापाच्या दाखल्याचा प्रश्न येत नाही. फक्त नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे तिकीट काढू नका. तिथल्या गाड्या उघड्या आणि उंच असतात, पण जोहान्सबर्गहून पिलानेसबर्ग तीनेक तासांत येतं.

तेव्हा तिकीट नंतर, आधी दोघांच्या औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जाऊन या. ते काय म्हणतात ते इथेच खाली लिहा. त्यावरून केनिया की दक्षिण आफ्रिका हे ठरेल, आणि मग किती रात्री कुठे राहायचं ते मी तुमच्यासोबत बसून मांडून देईन.