पाळणाघरच्या काकूंना विचारा : पसारा राहू द्या

परीक्षा संपल्या की या सदराची डाक बदलते. एरवी 'जेवत नाही', 'बोट चोखतो', 'शाळेत जाताना रडते' असं असतं. एप्रिल सरत आला की सगळ्यांचा एकच सूर : घरात बसून यांचं करायचं काय? यंदा तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्यात माझीच एक जुनी चूक आहे.

काकू, मला ९ वर्षांचा मुलगा आणि ६ वर्षांची मुलगी आहे. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, उरलेले दिवस सासूबाई बघतात. दोघांच्या शिबिराची फी परवडत नाही, आणि शिबिर तरी दहाच दिवसांचं. मी हौसेनं वेळापत्रक करून फ्रीजवर लावलं : ९ ते १० चित्रकला, १० ते ११ वाचन, मग हस्तकला. तीन दिवस चाललं. आता दर दहा मिनिटांनी 'आई, कंटाळा आला', आणि शेवटी हातात मोबाइल. माझं काय चुकतंय?
– एक आई, नाशिक

तुला अगं-तुगं करते, कारण तुझ्या वयाच्या आयांचीच मुलं मी आयुष्यभर सांभाळली. वेळापत्रक तीन दिवस चाललं म्हणतेस? माझं दोन दिवस चाललं होतं.

१९९१ साली डोंबिवलीत आमच्या दोन खोल्यांच्या जागेत मी पाळणाघर सुरू केलं. एरवी मुलं शाळेच्या आगेमागे यायची. मे महिन्यात मात्र सकाळी साडेसातला आया लोकल गाठायला पळाल्या की संध्याकाळी सातपर्यंत अकरा मुलं माझ्या गळ्यात. मीही पुठ्ठ्यावर रंगीत पेनांनी छान तक्ता केला. दुसऱ्या दिवशी दुपारी कागदकामाच्या वेळेला निम्मी मुलं पलंगाखाली, आणि निम्मी 'काकू, आता काय?' करत माझ्या पाठोपाठ ओट्यापाशी. मी काहीतरी काढून द्यायचं, त्यांनी ते दहा मिनिटांत उरकायचं आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघायचं. संध्याकाळी माझे पाय सुजलेले, मुलं कंटाळलेली ती कंटाळलेलीच.

मी तक्ता काढून टाकला आणि दोनच दिवसांत मुलांनी एसटी स्टँड काढला. मी काडीचं काही सुचवलं नव्हतं. चार खुर्च्या एकामागे एक, झाली गाडी. गाडी कल्याण-आळेफाटा, कारण तिघांचं गाव ओतूर-जुन्नरकडचं. कॅलेंडरचे सरलेले महिने कापून तिकिटं. कागदाला भोकं पाडायचा यांचा पंच कंडक्टरनं पळवला, आणि गाडी भरेपर्यंत तो नुसताच वाजवत फिरायचा, टक टक, टक टक. गाडी रोज माळशेज घाटात बंद पडायची. मग सगळ्यांनी उतरून ढकलायची. एकीला दर फेरीला गाडी लागायची, तिला हुंगायला लिंबू लागायचं (खरं, माझ्या टोपलीतलं). तिसऱ्या दिवशी 'चौकशी' अशी पाटी आली. पाचव्या दिवशी कंडक्टरवर पैसे खाल्ल्याचा आळ आला आणि हिशेबाची वही निघाली. एरवी गणित म्हटलं की डोळ्यांत पाणी आणणारा तो चौथीतला मुलगा, दीड तास तिकिटांच्या बेरजा करत बसला होता. आपलं नाव राखायचं होतं ना!

सहाव्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे पाहुणे यायचे होते. मी खुर्च्या जागेवर लावल्या, तिकिटं केरात टाकली, पाटी माळ्यावर. सकाळी मुलं आली ती दारातच थबकली. सहा वर्षांची एक ठकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काकू, तुम्ही आमचा स्टँड पाडलात." मी म्हटलं, अरे, पुन्हा मांडा की! नाही मांडला. ती गाडी परत कधी सुटलीच नाही. आणि त्या दिवशी 'कंटाळा आला' जितक्यांदा ऐकलं, तितकं अख्ख्या सुट्टीत ऐकलं नव्हतं.

तुझ्याकडेही रोज संध्याकाळी 'आवरा रे ते सगळं' होत असणार, आणि सकाळी मुलांसमोर कोरी फरशी. खेळाचा पहिला दिवस नुसता मांडामांडीत आणि 'मी ड्रायव्हर, तू नाही' या भांडणात जातो. तो रंगतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. आपण त्याला तिसरा दिवस बघूच देत नाही. तेव्हा फ्रीजवरचा कागद काढ आणि घरातला एक कोपरा शाळा उघडेपर्यंत त्यांच्या नावावर कर. जेवणाच्या टेबलाखालची जागासुद्धा चालेल, महिनाभर ताटं मांडीवर घेऊन जेवा. तिथला पसारा कुणी हलवायचा नाही, केरसुणीसुद्धा त्यांना विचारून फिरवायची. सासूबाईंना हे आधी नीट समजावून सांग. नाहीतर त्या बिचाऱ्या मायेपोटीच सगळं लखलखीत करून ठेवतील.

कोपऱ्यात काय ठेवायचं? विकतची खेळणी कमी. जुन्या चादरी, ओढण्या, सुतळी, पुठ्ठ्याचे खोके, बंद पडलेला फोन, चिंचोके, आणि कपडे वाळत घालायचे दोन डझन चिमटे. चादर खुर्चीला धरून ठेवायला चिमट्यासारखं दुसरं काही नाही. हे माझं डोकं नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शंख-शिंपले, पानं, खडे हेच मुलांच्या हातात दिलं. बालवाडीच्या प्रशिक्षणात हे आम्ही घोकलं होतं. तरी मी पहिला पगार रंगीत ठोकळ्यांवर घातलाच! ठोकळे आठवड्यात पलंगाखाली गेले, चिंचोके शेवटपर्यंत टिकले.

आता 'कंटाळा आला'चं. त्यावर मी एकच शब्द बोलायचे : "बरं." पुढे काही सुचवायचं नाही, रागवायचं नाही, आपलं काम चालू ठेवायचं. पहिले तीन-चार दिवस मुलं अंगावर लोळतात, कुरकुरतात, भावंडाला चिमटे काढतात. तेवढं सोसायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी आवाज बंद झाला की हळूच डोकाव. बोलावू मात्र नकोस, फोटो तर अजिबात काढू नकोस. फोटो काढला की खेळ संपतो.

आणि रोज एक खरं काम दे, ज्याचं फळ घरात सगळे खातील. तुझ्या सहा वर्षांच्या लेकीसाठी साबुदाण्याच्या पळीपापड्या. रात्री वाटीभर साबुदाणा भिजत घाल. सकाळी पाचेक वाट्या पाण्यात मीठ-जिरं घालून, काचेसारखा दिसेपर्यंत तू शिजव. हे काम गॅसपाशी तुझं, पापड्या तिच्या. कोमट झालं की गच्चीत किंवा खिडकीतल्या उन्हात प्लॅस्टिकचा कागद पसर आणि पळी तिच्या हातात दे. पळी ओतायची आणि तिच्याच बुडानं गोल फिरवायची. पहिल्या दहा पापड्या अमिबासारख्या होतील. अकरावी गोल होते, आणि ते तिला तू सांगायच्या आत कळतं. दुसऱ्या दिवशी कडा सुटल्या की उलटायच्या. थोरल्याला कबुतरांवर राखण बसव, हातात काठी दे आणि डोक्याला टोपी. दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळल्या की मोजून डब्यात. आमच्याकडे अर्ध्या ओल्या पापड्या चोरून खाण्यात निम्मा माल संपायचा. तो हिशेबात धर.

मोबाइल पूर्ण बंद कर असं मी सांगणार नाही. मी स्वतः दुपारी चार ते साडेचार टीव्ही लावायचे, कारण त्या अर्ध्या तासात मला चहा प्यायचा असायचा. वेळ ठरलेली होती, आणि टीव्ही बक्षीस नव्हता की लाच नव्हती. 'गप्प बसलात तर मोबाइल देते' हे वाक्य तेवढं जिभेवर येऊ देऊ नकोस. तुझी महत्त्वाची मीटिंग असेल ती वेळ मोबाइलची ठरव, म्हणजे दोघांचीही सोय.

नमस्कार. आम्ही दोघं राजापूर तालुक्यात गावी राहतो. १० आणि ८ वर्षांचे नातू बंगळूरहून पंधरा दिवसांसाठी येतात. दोन दिवस विहीर, गुरं, माकडं यांची मजा. तिसऱ्या दिवसापासून 'नेटवर्क कुठे येतं?' म्हणत बांधावर उभे. मराठी समजतं, पण बोलतात इंग्रजी-हिंदी. परसात रायवळाची दोन मोठी झाडं आहेत. त्यांना रमवायचं कसं?
– एक आजोबा

आजोबा, माझं माहेर देवरुखचं, म्हणून तुमच्या परसाचा मला सरळसरळ हेवा वाटतो. नातवांना पाहुण्यासारखं ठेवू नका. पाहुणा तिसऱ्या दिवशी कंटाळतोच.

आंब्यांचा कारभार त्यांच्याकडे द्या. झेल्यानं आंबा उतरवायला थोरल्याला दोन दिवसांत जमेल. देठ ठेवून कसा काढायचा, चीक अंगावर कसा उडू द्यायचा नाही, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? मग आढी. पेंढ्याचा थर, आंबे, वर पुन्हा पेंढा, आणि रोज सकाळी आढी तपासायची जबाबदारी धाकट्याची. हात घालायचा, हुंगायचं, दाबायचं नाही, पिकलेला तेवढा काढायचा, नासका आधी. आठवड्यात त्याच्या नाकाला कळायला लागेल. पुढे रस काढून ताटात पातळ पसरायचा आणि उन्हात साठं घालायची, थरावर थर. मुंग्यांपासून राखायची. बंगळूरला जाताना साठांची वळकटी त्यांच्या पिशवीत.

भर उन्हाच्या वेळी ओटीवर पट. पाच बाय पाच घरांचा चौकोन खडूनं आखा, मधल्या घरावर आणि चारी कडांच्या मधल्या घरांवर फुली. फुलीवरच्या सोंगटीला मारता येत नाही. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या तितकी घरं, चारही पालथ्या पडल्या की आठ. बाहेरच्या घरांतून फेरी मारून आत शिरायचं, पण दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत प्रवेश नाही. कवड्या नसतील तर चिंचोके फरशीवर घासून त्यांच्या दोन फाका करा, एक अंग पांढरं, एक तपकिरी. घासण्यातच एक दुपार जाते.

आजीला दुपारी झोप हवी असेल तर तुम्ही तिघं पाच-तीन-दोन खेळा. इस्पिक आणि बदामाची सत्ती ठेवायची, बाकी सत्त्या आणि त्याखालची सगळी पानं बाजूला. तीस पानं, तिघांना दहा-दहा, आणि पाच, तीन, दोन मिळून दहाच हात. मुद्दाम हरू नका. आठ वर्षांच्या मुलाला ते लगेच कळतं आणि फार अपमान वाटतो.

मराठीचं म्हणाल तर दुरुस्त्या करू नका. "आजोबा, मँगो गिरा" म्हणाला तर "आंबा पडला म्हण" नको, "कुठं पडला?" विचारा. "तिकडं, गोठ्यापाशी" हे उत्तर आपोआप येतं. पत्त्यांत भांडण झालं की तर फारच चांगलं मराठी येतं.

आमची मुलगी १२ वर्षांची. आम्ही दोघं ९ ते साडेसहा नोकरीवर. तिला एकटीला घरी ठेवावं का? गॅस वापरू द्यावा का?
– एक बाबा, पुणे

दोन-तीन तास एकटी, हरकत नाही. रोज साडेनऊ तास आणि तेही सहा आठवडे, हे बारा वर्षांच्या मुलीला फार होतं. ती तक्रार करणार नाही, उलट 'मला आवडतं' म्हणेल, तरीही. तुमच्या इमारतीत अशी अजून दोन-तीन घरं नक्की असतील. एकेका घरातल्या आजी, आत्या, सुट्टी असलेला बाबा अशी आळीपाळी लावा, म्हणजे एक वेळचं जेवण तरी रोज चार मुलं एकत्र जेवतील. आठवड्यातून दोनदा वाचनालयात तिची ती जाऊ दे, पुस्तक तिनं निवडायचं.

गॅसचं : आधी दोन रविवार तुम्ही शेजारी उभे राहून शिकवा. लायटर आधी, मग बटण. भांड्याची मूठ आत वळवून. ओढणी काढून, केस बांधून. काम झालं की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. हे सगळं तिनं न सांगता केलं, तरच चहा आणि मॅगी. तळण नाही, कुकर नाही. घरात कुणी मोठं माणूस नसताना तर गॅस मुळीच नाही. त्या वेळेसाठी दडपे पोहे, भेळ, ताकभात, कैरीचं आदल्या दिवशी करून ठेवलेलं पन्हं. दडपे पोहे तिला एकदा जमले की बघा, तुम्ही परत यायच्या आत ती शेजारच्या मुलांना करून घालेल.

घराची जादा किल्ली समोरच्या आजींकडे ठेवा. आणि आजींना आठवड्यातून दोनदा खालून भाजी आणून द्यायचं काम मुलीकडे द्या, पैशांच्या हिशेबासकट.