एकदा आवळलेला नट

“माझ्या हातून काही राहिले आणि ते कुणाच्या जिवावर बेतले तर?” हा प्रश्न समुपदेशन करताना मी परिचारिकांकडून, वीजतंत्र्यांकडून, बसचालकांकडूनही ऐकला आहे. मोटारसायकल शर्यतीवरील एका चित्रपटासाठी स्टंटच्या गाड्या तयार करणाऱ्या मेकॅनिकने तो विचारला, तेव्हा मात्र माझे ठरलेले उत्तर अपुरे पडले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

चित्रीकरणात एक स्टंटमन वळणावर घसरला होता. शर्यतीचे टायर वॉर्मरमध्ये साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवतात, कारण थंड रबर रस्ता धरत नाही. त्या दिवशी दोन टेकच्या मध्ये प्रकाशयोजना बदलण्यात वेळ गेला, वॉर्मर आधीच काढलेले होते आणि टायर निवले. स्टंटमनला खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही आणि चौकशीत गाडीत कोणताही दोष आढळला नाही. तरीही त्या रात्रीपासून या गृहस्थांना झोपेतून जाग येऊ लागली : मागच्या चाकाच्या ॲक्सलचा नट आपण आवळला होता ना? मग ते उठत, गाड्या ठेवलेल्या ट्रकपर्यंत चालत जात, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापर्यंत नट आवळला की ‘टक’ वाजणारा पाना) लावत, तो ‘टक’ ऐकत आणि परत येत. पुढे एका रात्रीत अशा चार फेऱ्या होऊ लागल्या. ‘अशाने नटाचे आटेच खराब व्हायचे, मॅडम, हे मला कळते,’ असे ते स्वतःच म्हणाले.

येथे माझी एक चूक झाली. पहिल्या भेटीत मी त्यांना ‘दोष तुमचा नव्हता’ असे ठामपणे सांगितले. त्याने त्यांना दोन दिवस बरे वाटले आणि तिसऱ्या दिवशी तेच विचारायला त्यांचा फोन आला. माझा दिलासा ही त्यांच्यासाठी ट्रकपर्यंतची पाचवी फेरी ठरली होती.

व्हॅन डेन हाऊट आणि किंट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना संगणकावरील गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली होती. त्यांची आठवण जवळजवळ अचूक राहिली, परंतु ती धूसर झाली आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. हे मी सांगितल्यावर हे गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. विसाव्या ‘टक’ने पहिला पुसून टाकला, हे त्यांना मी समजावण्याआधीच उमगले असावे.

अशा कामात तपासणीच सोडा असे सांगणे बेजबाबदारपणाचे ठरले असते, म्हणून आम्ही तपासणी कमी करण्याऐवजी तिला शेवट दिला. नट एकदा आवळायचा, नट आणि स्विंगआर्म (मागचे चाक धरून ठेवणारा दांडा) यांवरून रंगाची एक आडवी रेघ ओढायची, म्हणजे नट फिरल्यास रेघ तुटलेली दिसेल, आणि सहकाऱ्याने पाहून वहीत सही करायची. त्यानंतर गाडी पुन्हा चालवली गेली तरच पाना उचलायचा, मनात शंका आली एवढ्यासाठी नाही. रात्री जाग आली तर ‘कदाचित राहिलेही असेल’ हा विचार तसाच राहू देऊन अंथरुणातच पडून राहायचे. पहिला आठवडा फार कठीण गेला. दोनदा ते उठले, आणि त्यांनी ते लपवले नाही.

ज्यांचा रोज तासाभराहून अधिक वेळ अशा फेऱ्यांत जातो, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे, कारण तो मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो आणि त्यावर औषधेही आहेत. हे गृहस्थही माझ्या सांगण्यावरून एकदा तज्ज्ञांकडे जाऊन आले.

शेवटच्या भेटीत निघताना दारात थांबून त्यांनी विचारले, “मॅडम, मी आता पूर्ण बरा झालो ना?” मी काहीच बोलले नाही. क्षणभराने त्यांच्या लक्षात आले आणि ते हसत जिना उतरून गेले.