हूडियाच्या गोळ्यांनी भूक मरते आणि वजन उतरतं, हे खरं आहे का?

माझं स्पष्ट उत्तर: घेऊ नका.

हूडिया दिसते निवडुंगासारखी, पण निवडुंग नव्हे. आपल्या रुईच्या कुळातली आहे. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वानाच्या कोरड्या भागात वाढते. तिथल्या कालाहारी वाळवंटातले आदिवासी सान लोक लांबच्या शिकारीवर तहान-भूक भागवायला तिचे ताजे दांडे सोलून चघळत. म्हणजे ती उपाशी माणसाची सोय होती, हे आधी लक्षात घ्या.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने त्यातल्या 'पी ५७' या घटकाचं पेटंट घेतलं, तेही सान लोकांना न विचारता. बराच गदारोळ झाल्यावर २००३ मध्ये त्यांना रॉयल्टीतले ६ टक्के द्यायचं ठरलं. ज्यांचं हे ज्ञान, त्यांच्या पदरात एवढंच, याचं मला फार वाईट वाटतं. त्यातही हा घटक बाजारात आणायला निघालेल्या बड्या कंपन्यांनी, आधी फायझरने आणि नंतर युनिलिव्हरने, हे काम सोडून दिलं.

२०११ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. वजन जास्त असलेल्या ४९ निरोगी स्त्रियांना १५ दिवस हूडियाचा अर्क किंवा नुसतं दिसायला तसंच, पण हूडिया नसलेलं काहीतरी दिलं. खाण्यात आणि वजनात दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक पडला नाही. उलट अर्क घेणाऱ्यांचा रक्तदाब आणि नाडीचे ठोके वाढले, मळमळ-उलट्या झाल्या, यकृताशी संबंधित काही आकडेही वर गेले.

शिवाय बाजारातल्या कित्येक बाटल्यांत हूडिया नसतेच, असं तपासण्यांत आढळलं आहे. बीपी, मधुमेह किंवा यकृताचा त्रास असेल तर या गोळ्यांपासून लांबच राहा. आधीच सुरू केल्या असतील तर बाटली घेऊन डॉक्टरांना दाखवा.