व्हर्च्युअल मशीनची मेमरी बाहेरून भरलेली, आतून मोकळी: असं का?

पर्वरीच्या ऑफिसातल्या केव्हीएम (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) सर्व्हरवर 8 जीबीचं व्हर्च्युअल मशीन सतत जवळजवळ भरलेलं दिसतं, आत 'फ्री' कमांड मात्र 2 जीबीच वापर सांगते, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही आकडे खरे आहेत, पण मोजतात वेगळं.

बाहेरचा आकडा म्हणजे होस्टने (मूळ सर्व्हरने) त्या व्हर्च्युअल मशीनच्या प्रोसेसला प्रत्यक्ष दिलेली मेमरी, म्हणजे आरएसएस. गेस्टने (आतल्या व्हर्च्युअल मशीनने) एकदा हात लावलेलं मेमरीचं पान, म्हणजे छोटा तुकडा, आत मोकळं झालं, तरी होस्टला ते आपोआप परत मिळत नाही. शिवाय गेस्टमधलं लिनक्स उरलेली मेमरी फाइल कॅशला, म्हणजे वाचलेल्या फाइल्स हाताशी ठेवायला, वापरतं. म्हणून आकडा चढतो आणि तिथेच बसतो.

होस्टवरून आतलं चित्र हवं तर गेस्टमध्ये बलून ड्रायव्हर लागतो; तो आतल्या मेमरीचे आकडे होस्टला कळवतो. लिनक्समध्ये तो बहुधा असतोच; विंडोजमध्ये व्हर्टआयओचा (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या ड्रायव्हरांचा संच) बलून ड्रायव्हर आणि त्याची सर्व्हिस, दोन्ही बसवा. सर्व्हिस राहून जाते, हे मी फोंड्याला एका दुकानाच्या सर्व्हरवर स्वतः पाहिलंय.

मग होस्टवर 'व्हर्श डोममेमस्टॅट' (गेस्टच्या मेमरीचे आकडे दाखवणारी कमांड) हिला पीरियड 10 द्या, म्हणजे दर 10 सेकंदांनी माहिती ताजी होईल. हे न केल्यास जुनेच आकडे दिसत राहतात. त्यातली 'लास्ट अपडेट' ही वेळ पुढे सरकतेय का, ते आधी बघा. सेटिंग कायम राहायला मशीनच्या कॉन्फिगमध्येही लिहा.

खरा वापर म्हणजे 'अव्हेलेबल' (गेस्टला दिसणारी एकूण मेमरी) वजा 'युजेबल' (कॅश सोडून देऊन वापरता येईल ती). 'अनयूज्ड' (अगदी रिकामी मेमरी) वजा करू नका, त्याने कॅशही वापरात धरली जाते. आकडे किबीबाइटमध्ये असतात.

होस्टला रॅम पुरेल का, हे ठरवताना मात्र आरएसएसच बघा.