रायझोबियम लावूनही फरक का दिसत नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाच एकर काळी जमीन, सोयाबीन आणि त्यामागं हरभरा. दोन वर्षं बियाण्याला रायझोबियम (मुळावर गाठी करून हवेतलं नत्र देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद मोकळा करणारे जिवाणू) लावलं, महिन्याला जीवामृत सोडलं, तरी उतारा, म्हणजे एकरी उत्पन्न, होता तिथंच. शेजारचे काका म्हणतात, यात फक्त दुकानदाराचं भलं होतं. तिसऱ्या वर्षी पैसे घालावेत की नाही, असं तुम्ही विचारलंय. सोबत काय काय केलं तेही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण उत्तर त्यातच आहे. बुरशीनाशक आणि रायझोबियम एकाच टपात कालवलं, पंचविसाव्या दिवशी एकरी एक गोणी युरिया टाकला, हरभऱ्याला सोयाबीनचंच उरलेलं पाकीट लावलं आणि मळणीनंतर काड पेटवून रोटा (रोटाव्हेटर) मारला.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा भागात एकवीस वर्षं सोयाबीन, तूर, हरभरा करतोय. यातल्या तीन गोष्टी मीही केल्यात, त्यामुळं दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण एक गोष्ट मनापासून सांगतो. पाकिटात असतं त्याला आपण जिवाणू 'खत' म्हणतो आणि तिथंच फसतो. युरियाची गोणी वर्षभर कोठ्यात पडली तरी युरियाच राहतो. जिवाणू हे जित्राब आहे. त्याला जिवंत घरी आणावं लागतं, गोठा द्यावा लागतो, वैरण-पाणी द्यावं लागतं. बैल विकत आणून उन्हात उपाशी बांधला आणि आठ दिवसांनी म्हटलं की औत ओढत नाही, तर चूक कुणाची?

आधी पाकिटाचा हिशेब करू. सरकारी मानकाप्रमाणं भुकटीच्या रायझोबियममध्ये ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, द्रवरूपात मिलीला १० कोटी. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला. १० किलोत सोयाबीनचे साधारण ८० हजार दाणे भरतात. म्हणजे सगळे जिवंत असतील आणि सगळे चिकटले, तर एका दाण्याच्या वाट्याला दीड लाखाच्या आसपास जिवाणू येतात. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये जिवाणूंची संख्या शंभर कोटींपर्यंत जाते. अशा गर्दीत आपले दीड लाख उतरणार, त्यांना मुळापर्यंत पोचायचंय, आणि त्यातलेही निम्मे-अधिक दुकानातच मेलेले असतील तर काय उरलं? मी एका वर्षी मे महिन्यातच पाकिटं घेऊन ठेवली होती आणि ती पत्र्याच्या खोलीत माळ्यावर राहिली. त्या साली झाडं उपटून पाहिली तर मुळं गुळगुळीत. तेव्हापासून पेरणीच्या आठवड्यातच आणतो, तारीख बघतो, दुकानात पाकिटं कुठं ठेवली होती ते विचारतो आणि घरी माठाशेजारी ओल्या पोत्यात ठेवतो.

बुरशीनाशकाचं म्हणाल तर क्रम लक्षात ठेवा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. पहिल्या दोन गोष्टी आदल्या दिवशी करून बी वाळू द्यायचं. जिवाणू पेरणीच्या दिवशी सकाळी, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, सावलीत. सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं, हाताने रगडू नका. मी ताडपत्रीवर बी पसरतो, वरून थोडं थोडं पाणी शिंपडतो आणि ताडपत्रीचे चार कोपरे आळीपाळीनं उचलून बी घोळवतो. दाणा ओलसर, काळपट दिसला की पुरे. बी फुगलं तर टरफल सुटतं आणि उगवणीत मार बसतो. अर्धा-पाऊण तास सावलीत सुकवून थेट तिफणीवर. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात डीएपी खत आणि जिवाणू लावलेलं बी एकमेकांना चिकटून पडणार नाही एवढं पाहा.

आता युरिया. माझ्या मते तुमचं खरं नुकसान इथं झालंय. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांचा जवळपास सहावा हिस्सा नत्र असतो. म्हणजे १० क्विंटल दाण्यात ६० किलोच्या वर नत्र शेतातून उचललं जातं. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र भरतं २१ किलोच्या आत. नुसत्या दाण्यातलं नत्र धरलं तरी तीन गोण्या झाल्या, पाला आणि मुळं वेगळीच. एवढा युरिया सोयाबीनला कोणी टाकत नाही, तरी पीक येतं. मग नत्र येतं कुठून? काही मातीतून, आणि मोठा वाटा गाठींतून, हवेतून.

मुळाच्या केसाजवळ काही द्रव्यं झिरपतात, ती ओळखून जिवाणू येतो. केस वाकडा होऊन त्याला कवेत घेतो आणि आत गाठ धरते. झाड आपल्या पानात तयार झालेली साखर त्या गाठीला देतं, बदल्यात जिवाणू हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतो. हे १८८८ च्या सुमारास जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी सिद्ध केलं आणि त्याच वर्षी हॉलंडमध्ये बायजेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून दाखवला. पण झाडाला हा व्यवहार महाग पडतो, साखर खर्च होते. मुळाशी युरिया आयता मिळाला की झाड गाठींकडं साखर सोडत नाही. तुमची गोणी नेमकी अशा वेळी पडली, जेव्हा गाठी कामाला लागत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात सोयाबीन जरा फिकट पडतं, ते पाहून हात युरियाकडं जातो. बियातली शिदोरी तेव्हा संपलेली असते आणि गाठी अजून पुरत्या चालू झालेल्या नसतात. आठ-दहा दिवस कळ काढली तर रंग परत येतो. फक्त शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता आहे, चुनखडीच्या रानात नेहमी दिसते. तिथं युरियाचा उपयोग नाही, फेरस सल्फेटची फवारणी लागते.

ब्राझीलचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. तिथं सोयाबीन वाढू लागलं तेव्हा योहाना डोबेराइनर या मृदा-शास्त्रज्ञ बाईंनी हट्ट धरला की नत्र खतावर नाही, जिवाणूंवर पोसलं जाईल असंच सोयाबीन निवडायचं. आज तिथलं बहुतेक सोयाबीन नत्र खताशिवाय येतं आणि ब्राझील जगात सगळ्यात जास्त सोयाबीन पिकवतो. त्याच परंपरेतल्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी. तिथले बहुतेक शेतकरी दर वर्षी पेरणीला ताजे जिवाणू लावतात, जुन्या रानातसुद्धा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्या रानात आठ-दहा वर्षं सोयाबीन होतंय तिथं मातीत त्याचे जिवाणू थोडेफार असतातच, त्यामुळं पाकिटाचा फरक डोळ्यात भरेलच असं नाही. नव्या रानात, जिथं कधीच सोयाबीन झालं नाही, तिथं लावलेला आणि न लावलेला पट्टा रस्त्यावरून ओळखू येतो. तेव्हा उतारा वाढला का एवढ्यावरच निकाल लावू नका. एकरी एक गोणी युरिया वाचला आणि उतारा तोच राहिला, तर तीही कमाईच.

हरभऱ्याची गोष्ट थोडक्यात. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही. प्रत्येकाचा जिवाणू वेगळा. हरभऱ्याचा स्वतंत्र येतो. तूर, मूग, उडीद, चवळी यांचा गट निराळा. पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं, ते वाचूनच घ्या. हरभऱ्यात मर रोग (उभी झाडं वाळतात तो) येत असेल तर ट्रायकोडर्मा जरूर वापरा. ही बुरशी मर रोगाच्या बुरशीला वेटोळे घालून खाते. पण तिच्याबरोबर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावू नका, ते आपल्या बुरशीलाही मारतं. मी बियाण्याला किलोला ५ ग्रॅम लावतोच, शिवाय दसऱ्याच्या सुमारास कुजलेलं शेणखत झाडाखाली पसरून त्यात ट्रायकोडर्मा मिसळतो आणि वर ओलं पोतं टाकतो. आठवड्या-दहा दिवसांत ढिगावर हिरवट-पांढरी बुरशी चढते. तिचा वास रानातल्या पालापाचोळ्यासारखा येतो. ते खत पेरणीआधी सरीत.

आता वैरणीकडं येतो. मातीतल्या जिवाणूंचं खाणं म्हणजे सेंद्रिय कर्ब: मुळं, धसकटं, काड, पालापाचोळा, शेणखत. काड पेटवलं की त्यातला कर्ब आणि नत्र जवळपास सगळं, गंधकही बरंचसं हवेत जातं, राखेत मुख्यतः पालाश उरतो. वरच्या थरातली जित्राबं भाजतात, आणि उरतील त्यांना खायला काही नसतं. वर रोटा मारला की माती पिठासारखी होते, पहिल्या मोठ्या पावसात दबते आणि हवा कोंडते. आपण वाफसा पेरणीपुरता बघतो, पण जिवाणूंना तोच वाफसा हंगामभर हवा असतो: ओलही, हवाही. चिबड, म्हणजे पाणी साचणाऱ्या, रानात गाठी गुदमरतात. म्हणूनच मी सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घेतो. ज्या साली सलग पंधरा दिवस पाऊस लागला, त्या साली सपाट रानातलं पीक पिवळं पडलं आणि वरंब्यावरचं टिकलं.

काड गाडताना एक खबरदारी घ्या. गव्हाच्या काडात नत्राच्या साधारण ऐंशी पट कर्ब असतो. जिवाणूंच्या स्वतःच्या शरीरात हे प्रमाण आठ-दहा पट. एवढं कोरडं खाणं पचवायला त्यांना नत्र लागतं, ते मातीतून उसनं घेतात आणि पीक पिवळं पडतं. पुढं ते मरतात तेव्हा नत्र परत मिळतं, पण त्याला काही महिने लागतात. म्हणून पेरणीच्या तोंडावर काड गाडू नका. एकतर वर आच्छादन म्हणून राहू द्या, नाहीतर खड्ड्यात कुजवा. पुसदच्या पांढरीपांडे काकांची नाडेप पद्धत आजही माझ्या बांधावर आहे: दहा बाय सहा बाय तीन फुटांचं जाळीदार विटांचं टाकं, आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर. विटांच्या भोकांतून हवा खेळते, त्यामुळं ढीग सारखा खालीवर करावा लागत नाही.

धसकटं उपटण्याचीही घाई नको. नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची मुळं जमिनीतच ठेवून, नांगरट न करता पुढचं पीक घेऊन दाखवलं. मेलेलं मूळ कुजलं की त्याच्या जागी नळी उरते, हवा-पाणी तिथून खाली जातं. मी तुरीची धसकटं आता जमिनीलगत कापतो, मुळं आत ठेवतो.

माती कमी हलवण्याचं आणखी एक कारण आहे, मायकोरायझा. ही बुरशी मुळात घर करते आणि तिचे धागे, केसाहून कितीतरी बारीक, मुळाचा हात पोचत नाही तिथून स्फुरद आणि पाणी आणतात. बदल्यात झाड तिला साखर देतं. रोटाव्हेटरनं हे जाळं दर वर्षी तुटतं. स्फुरदाच्या खताचा मारा केला तरी झाड तिला दाद देत नाही. ज्वारीच्या मुळाला ही बुरशी मनापासून जडते, मोहरी-कोबीच्या कुळाला मात्र नाही. आमच्याकडं ज्वारीचा फेर बंद झाला त्याचं हे एक नुकसान कोणी मोजत नाही. पीएसबीबद्दल माझं मत जरा सावध आहे. ते आम्लं सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात हे खरं, पण आपल्या चुनखडीच्या जमिनीत चुनाच ते आम्ल मारून टाकतो. शेणखतात मुरवून सरीत दिलं तर फायदा दिसतो, नुसतं बियाण्याला लावून फार अपेक्षा धरू नका.

जीवामृत बंद करा असं मी म्हणणार नाही. पण १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन, दोन किलो गूळ यांत नत्र मोजलंत तर सगळं मिळून पाव किलोच्या आसपास भरेल. एका एकराचं पोट त्यावर भरत नाही. ते विरजण आहे, आणि विरजण लावायला दूध लागतं. आच्छादन असलेल्या रानात जीवामृत सोडलं की आठवडाभरात काडाखाली गांडुळांची विष्ठा दिसते. जळालेल्या, उघड्या रानात ते दोन दिवसांत वाळून जातं.

या वर्षी पाच एकरांत प्रयोग करू नका, एक एकर घ्या. काड जाळू नका, युरिया टाकू नका, ताजं पाकीट वर सांगितलं तसं लावा आणि मधल्या चार तासांना (पेरणीच्या ओळींना) काहीच लावू नका, म्हणजे तुलना होईल. पेरणीच्या दिवशीच मांजरपाटाची (जाड्याभरड्या सुती कापडाची) एक-एक वीतभर पट्टी या एकरात, बाकीच्या रानात आणि बांधावरच्या लिंबाखाली चार बोटं खोल पुरून खूण करा. दोन महिन्यांनी काढाल तेव्हा लिंबाखालच्या पट्टीची मातीतल्या जित्राबांनी खाऊन चाळण केलेली असेल. बाकी दोन्ही तिच्या किती जवळ आहेत ते बघा. माझ्या रोटा मारलेल्या तुकड्यातली पट्टी पहिल्या वर्षी धुवून परत वापरता आली असती इतकी धड निघाली होती.

चाळिसाव्या दिवसाच्या आसपास वाफशावर पाच-सहा झाडं काढा. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. वीतभर लांबून खुरप्यानं गड्डा उचला आणि बादलीतल्या पाण्यात हळू हलवून माती सोडवा. सोटमुळाच्या वरच्या भागात गाठींचा घोस असेल तर पाकिटातले जिवाणू लागले. लांबच्या बारीक मुळांवर तुरळक गाठी असतील तर त्या बहुतेक मातीतल्या जुन्या जिवाणूंच्या. मग नखानं गाठ चिरा. आतून तांबूस-गुलाबी निघाली की ती काम करतेय. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावाचा आहे, नत्र बांधणारी यंत्रणा प्राणवायूनं बिघडू नये म्हणून तो आत पहारा करतो. पांढरी असेल तर अजून कच्ची किंवा कुचकामी, हिरवट-तपकिरी असेल तर संपलेली. किती झाडांत किती गाठी गुलाबी निघाल्या तो आकडा इथं लिहा, लावलेल्या एकराचा आणि न लावलेल्या चार तासांचा वेगवेगळा. हरभऱ्याचं काय करायचं ते त्यावरून ठरवू.