रॅमची कुरकुर

चवथीच्या सवलतीत सुटे भाग घेऊन घरी जोडलेले डेस्कटॉप आता एकेक करून माझ्या टेबलावर येऊ लागले आहेत. पत्रांतही तोच घोळ, म्हणून एकदाच लिहितो.

सगळे जोडले, पंखे फिरतात, स्क्रीन काळीच. तीनदा बंद-चालू केले. रॅम मेली का? (डिचोली)

तीनदा बंद केलेत हीच चूक. डीडीआर5 (नव्या पिढीची) रॅम पहिल्यांदा चालू होताना मदरबोर्ड तिची 'ट्रेनिंग' करतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतो. त्याला काही मिनिटे लागतात, कधी दहाच्याही वर. चहा करून या. तरीही काळीच राहिली तर वीज काढून रॅमची एकच पट्टी ठेवा, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. क्लिप 'खट्' वाजेपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली पट्टी डोळ्यांना पूर्ण बसल्यासारखीच दिसते.

6000 वेगाची रॅम घेतली, 4800 दाखवते. फसवले? (फोंडा)

नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिचा छापील वेग देणारी सोय, चालू करा. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 3000 दिसले तर तो आकडा दुप्पट करून वाचा.

जुनी डीडीआर4 पट्टी नव्या डीडीआर5 बोर्डात चालेल? (पेडणे)

नाही. खाच वेगळ्या जागी आहे. जोर लावू नका.

16-16 जीबीच्या दोन पट्ट्या, दिसते 16च. मित्र म्हणतो, खोडरबराने घास. (साखळी)

हा खोडरबर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. संपर्कांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. तो घासला जातो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. आपल्या दमट हवेत जुन्या मशीनच्या पट्ट्यांवर हिरवट-काळे डाग येतात हे खरे, पण गेल्या आठवड्यात डबीतून काढलेल्या पट्टीवर कसले डाग? पुसायचीच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड.

मशीन बंद करून पट्ट्यांची अदलाबदल करा. दोष पट्टीबरोबर गेला तर पट्टी बदलून घ्या. स्लॉटपाशीच राहिला तर स्लॉट, प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर यांच्यावर संशय. इथे थांबा. सुईने पिन सरळ करायला जाऊ नका, जाणकाराकडे न्या.

निळी स्क्रीन येते, दर वेळी नवा एरर. दुकानदाराने दोनदा विंडोज टाकले, दोन्ही वेळा पैसे घेतले. (म्हापसा)

याचीच वाट पाहत होतो. दर वेळी वेगळा एरर आला की आधी रॅम तपासायची, हा साधा नियम. फॉरमॅट करून ती सुधारत नाही. उलट खराब रॅमवर टाकलेले विंडोज जन्मतःच खराब होऊ शकते. 'व्हायरस आहे' म्हणत आठवडे घालवणाऱ्या दुकानात बदलून देण्याची मुदत तुमच्या खर्चाने संपते, लक्षात ठेवा.

मेमटेस्ट86+ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते. पेनड्राइव्हवर घाला, एक्सएमपी बंद ठेवा आणि चार पास (तपासणीच्या पूर्ण फेऱ्या) होऊ द्या, म्हणजे बहुधा रात्रभर. एकसुद्धा चूक खपवून घ्यायची नाही. माझ्याकडे एका कंत्राटदाराच्या मशीनवर दोन पास स्वच्छ गेले. तिसऱ्यात, पहाटे, एकच चूक. 'एकाने काय होते?' तो म्हणाला. त्याच मशीनवर त्याचे बिलांचे हिशेब होते! रॅममधली चूक डिस्कवर उतरते आणि तिथून बॅकअपमध्येही जाते, कुणाला कळतसुद्धा नाही.

एक्सएमपी बंद असतानाही चूक आली तर पट्ट्या एकेक करून तपासा. फक्त चालू असताना आली तर बायोस अपडेट विचारून करा किंवा वेग 6000वरून 5600 करा. निकालाचा फोटो काढून दुकानात न्या. बिलावर पट्टीचा सिरियल नंबर नसेल तर आजच लिहून घ्या, नाहीतर 'ही आमची पट्टीच नाही' हे उत्तर तयार असते. तपासणी जमत नसेल तर दुसऱ्या जाणकाराला दाखवा, पण तिसऱ्या फॉरमॅटचे पैसे देऊ नका.

दोन पट्ट्या आहेत, त्याच कंपनीच्या आणखी दोन घालू? (मडगाव)

एकाच नावाखाली आतल्या चिप बदलतात. शिवाय चार पट्ट्यांवर डीडीआर5चा वेग बहुतेक बोर्डांत खाली येतो. जास्त रॅम हवीच असेल तर दोन मोठ्या पट्ट्यांचा एकच संच घ्या. पैसे मोजण्याआधी बोर्डाच्या कंपनीची चालणाऱ्या रॅमची यादी पाहा, कळली नाही तर बोर्डाचे मॉडेल मला कळवा.