रेंजफाइंडर घेण्याआधी पावलं मोजायला शिक

गोल्फसाठी रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजणारं लेझर उपकरण, कुठला घेऊ, असं विचारलंस. घे जरूर, पण सुरुवातीचे काही राउंड त्याच्याशिवाय खेळ. आकड्यांवर खेळणं ही गोल्फमध्ये तशी अलीकडची गोष्ट. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या नजरेचा अंदाज आणि कॅडीचा (बॅग उचलणाऱ्या सोबत्याचा) शब्द, एवढ्यावरच क्लब, म्हणजे फटक्याची काठी, निवडला जायचा. 1961 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच गोल्फ कोर्सवर यूएस अमॅच्युअर स्पर्धेच्या वेळी गोल्फपटू डीन बेमनने नामवंत खेळाडू जॅक निक्लॉसला पावलांनी अंतरं मोजून टिपून ठेवायला सुचवलं. निक्लॉस ती स्पर्धा जिंकला आणि ही सवय त्याने पुढेही सोडली नाही. नंतर छापील यार्डेज बुकं, म्हणजे कोर्सवरच्या अंतरांच्या पुस्तिका, आली.

तूही पायांनीच सुरुवात कर. बऱ्याच कोर्सवर फेअरवेमधल्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्यातल्या) स्प्रिंकलरच्या झाकणावर ग्रीनपर्यंतच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीपर्यंतच्या, अंतराचा यार्डांतला आकडा असतो, समजा 147. तिथून चेंडूपर्यंत चालत जा, एक पाऊल म्हणजे एक यार्ड. चेंडू मागे असेल तर मिळव, पुढे असेल तर वजा कर. मात्र तो आकडा ग्रीनच्या मध्यापर्यंतचा आहे की पुढच्या कडेपर्यंतचा, हे आधी विचारून घे. मोठ्या ग्रीनवर तेवढ्यानेच क्लब बदलतो. आणि तुझं पाऊल खरोखर 3 फुटांचं पडतं का, ते टेप लावून बघ. बहुतेकांचं कमी पडतं.

लेझरचं म्हणशील तर 2019 च्या नियमांपासून अंतर मोजणारं उपकरण चालतं, स्थानिक नियमाने मनाई नसेल तर. चढ-उताराचा हिशेब करणारी सोय मात्र स्पर्धेत बंद ठेव.